स्मारकाखालचे दगड

रब्बाय इझिडोर रॉइटलिंगर आल्टेनरॉइट या आपल्या जर्मन गावी परत आला तो १९५७ च्या मार्चमध्ये, आणि गावानं त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. स्टेशनापासून बाजारचौकापर्यंत चालत दहा मिनिटं. तेवढ्यात त्याला लहानपणापासून ओळखणारी निदान सहा माणसं समोरून गेली. एकाला नेमकी तेव्हाच खिशातली किल्ली सापडेना. एकीला दुकानाच्या काचेतल्या टोप्या एकदम फार आवडल्या. एकोणीस वर्षांपूर्वी याच रस्त्यानं त्याला आणि गावातल्या आणखी सतरा ज्यू पुरुषांना रांगेनं स्टेशनकडे नेलं होतं, तेव्हा मात्र सगळं गाव दोन्ही बाजूंना उभं राहून डोळे फाडून बघत होतं.

"आपण भुतं झालोय," त्याची बायको सेल्मा बॅग या हातातून त्या हातात घेत म्हणाली. "दिसलं तरी कुणी दिसलं म्हणणार नाही."

"भुतांना घर लागत नाही. आपल्याला दोन खोल्या लागतात," इझिडोर म्हणाला. "चल, जिना कुठे आहे ते बघू."

दोन खोल्या मिळाल्या त्या एका चामडंकाम करणाऱ्याच्या दुकानावर. खालून दिवसभर हातोडीचा ठकठक आवाज आणि मेणाचा वास वर यायचा. इझिडोर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. अडतीस साली सहा आठवडे छावणीत काढून तो सुटला, सेल्माला घेऊन इंग्लंडला पळाला, तिथंही 'जर्मन' म्हणून वर्षभर तारांच्या आत राहिला, आणि मग लीड्समध्ये एका लहानशा प्रार्थनामंदिरात पोरांना अक्षरं शिकवत, म्हाताऱ्यांना पुरत त्यानं सतरा वर्षं घालवली. त्याची धाकटी बहीण फ्लोरा मागे राहिली होती, आजारी मावशीपाशी. बेचाळीसच्या एप्रिलमध्ये दोघींना गाडीत बसवलं. पुढचं काही कळलं नाही. कळायचं ते सगळ्यांना कळलंच होतं.

जवळच्या शहरात चाळीसएक ज्यू उरले होते, बहुतेक म्हातारे. त्यांना रब्बाय, म्हणजे धर्मगुरू, हवा होता. इझिडोरनं ते काम घेतलं, पण राहायला शहरात जाईना. राहीन तर आल्टेनरॉइटमध्येच, म्हणाला. लीड्सहून प्रार्थनामंदिरातल्या एका जुन्या माणसाचं पत्र आलं: 'त्यांच्याबरोबर बसून कॉफी पिणार तू? कुणाच्या वतीनं माफ करणार आहेस?' इझिडोरनं उलट टपाली कार्डावर एकच ओळ लिहिली: 'माफ करायला नाही आलो. नुसता बसायला आलोय.'

आणि खरंच तो बसू लागला. प्रॉटेस्टंट चर्चच्या तरुण पाद्र्यानं मागची शिकवणीची खोली दिली. दर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता इझिडोर तिथं एका खुर्चीत बसायचा. दारावर लिहिलं होतं, 'ज्याला ज्यू माणसाला काही विचारायचं असेल त्यानं यावं.' पहिल्या मंगळवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या मंगळवारी एक म्हातारी आली, वाल्बुर्गा श्टेग. हातात लोकरीचा गोळा. ती भिंतीकडेच्या बाकावर बसली, विणत राहिली आणि सात वाजता उठली.

"काही विचारायचं नव्हतं?" इझिडोरनं विचारलं.

"आमच्या स्वयंपाकघरात धूर होतो," ती म्हणाली. "इथे बरं आहे." तिचे दोन मुलगे रशियातल्या लढाईत पडले होते. हे तिनं सांगितलं नाही. बाजारचौकातल्या स्मारकावर ती नावं त्यानं आधीच वाचली होती.

महिन्याभरात सात जण यायला लागले, उन्हाळ्यापर्यंत वीस. प्रश्न यायचे ते आडून आडून. तुम्ही डुक्कर का खात नाही. तुमचा देव आणि आमचा देव एकच का. तुम्हाला आमचा राग येतो का. शेवटच्याचं उत्तर इझिडोर शांतपणे द्यायचा, "येतो. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. म्हणून संध्याकाळची वेळ ठेवलीय." लोक हसायचे, आणि हसून झाल्यावर आपण कशाला हसलो हे आठवून गप्प व्हायचे.

ऑगस्टमध्ये एकदा निवृत्त स्टेशनमास्तर उभा राहिला. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "त्या गाडीला हिरवा झेंडा मी दाखवला. एप्रिल बेचाळीस. सकाळची नऊ वीसची."

खोलीत फक्त वाल्बुर्गाच्या सुया वाजत होत्या. मग त्याही थांबल्या.

"वेळेवर सुटली?" इझिडोरनं विचारलं.

"हो. वेळेवर."

"तिच्यात माझी बहीण होती."

"माहीत आहे मला. फ्लोरा. आमच्या मुलीला पियानो शिकवायची." त्यानं टोपी बाकावर ठेवली. "मला माफ कराल, हेर रब्बाय?"

"ते माझ्या हातात नाही. ज्यांच्या हातात होतं त्यांना तुम्ही झेंडा दाखवलात," इझिडोर म्हणाला. मग, "पुढच्या मंगळवारी या. जागा धरून ठेवतो."

तो आला. त्यानंतर मरेपर्यंत एक मंगळवार चुकवला नाही त्यानं. पण त्या रात्री घरी परतल्यावर इझिडोरला जेवण गेलं नाही. बटाटे ताटात तसेच गार झाले, आणि सेल्मानं ते उचलून ठेवले.

दगडांची गोष्ट सुरू झाली ती त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी. गावाबाहेर टेकडीवर ज्यूंची दफनभूमी होती, साडेतीनशे वर्षांची. इझिडोर विळा घेऊन वर गेला तेव्हा जुन्या नोंदीप्रमाणे दोनशे चौदा दगड हवे होते, उभे होते एकसष्ट. बाकीच्या ठिकाणी नुसते खड्डे, गवतानं भरलेले. एवढे दगड काही वाऱ्यानं उडून गेले नव्हते. लाल वालुकाश्म, चांगला घडलेला, तयार चौकोनी. लढाईच्या दिवसांत कुणालाही पायरीला, गोठ्याला, विहिरीच्या काठाला हवाच असतो.

मंगळवारी त्यानं सांगितलं, "टेकडीवरचे दगड ज्याच्याकडे असतील त्यानं दफनभूमीच्या फाटकाशी आणून ठेवावेत. केव्हाही. मी नाव विचारणार नाही, कोण आलं ते बघायला उभाही राहणार नाही."

तीन आठवडे काही झालं नाही. मग एका सकाळी फाटकाशी एक दगड होता. स्वच्छ धुतलेला, कडांना सिमेंट चिकटलेलं, अक्षरांवरून कुणीतरी ब्रशनं माती काढलेली. त्याच आठवड्यात दोन आले. ख्रिसमसच्या सुमारास एकाच वेळी पाच, बैलगाडीच्या चाकांच्या खुणांसकट. मे महिन्यापर्यंत अडतीस दगड परत आले होते. इझिडोर एकेकाची जागा शोधायचा, नोंदवहीशी ताडून बघायचा, दुपारभर गुडघ्यांवर बसून खड्डे साफ करायचा. त्याला वाटायला लागलं, होईल. हळूहळू होईल.

त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही, ती सेल्माच्या आली. "लोक एकमेकांच्या पायऱ्या बघत फिरतात हल्ली," ती एक दिवस म्हणाली. "ज्याच्या अंगणात नवी पायरी दिसते त्यानं जुनी कुठे नेली ते शेजाऱ्याला कळतं. आणि ज्यानं नेली नाही त्याच्याकडे आता सगळे बघतात. इझिडोर, तू नाव विचारत नाहीस, पण गाव विचारतंय."

जूनमध्ये दगड यायचे थांबले. आणि एका सोमवारी सकाळी त्यांच्या स्वतःच्या जिन्याच्या तोंडाशी, रस्त्यावर नव्हे, आत, दाराला टेकवून एक बटाट्याचं पोतं ठेवलेलं सापडलं. ते हलेना. सेल्मानं तोंड सोडलं. आत एक थडग्याचा दगड होता, घणानं फोडलेला. चुकून फुटला असता तर दोनचार तुकडे झाले असते. हे कुणीतरी बसून, वेळ काढून, मुठीएवढे तुकडे केले होते.

दोघांनी ते वर नेले, जेवणाच्या टेबलावर चादर पसरून लावून बघितले. संध्याकाळपर्यंत एवढंच जुळलं: '…ची पत्नी आणि' आणि खाली कोरलेल्या एका हाताच्या पंजाची तीन बोटं.

"कुणाची पत्नी?" सेल्मानं विचारलं. मग म्हणाली, "जिन्याच्या दाराला कुलूप असतं. खाली चामडंवाल्याकडे एक किल्ली आणि आपल्याकडे एक." खाली हातोडीची ठकठक नेहमीसारखी चालू होती. त्या दिवसापासून ती दाराला आतून खुर्ची लावायला लागली.

जुलैत पाथरवट आला. भर दुपारी, बारा वाजता, सगळं गाव खिडक्यांच्या झडपा ओढून जेवायला बसतं त्या वेळी. साठीचा, रुंद खांद्यांचा, एका हाताची दोन बोटं नसलेला. दारातच उभा राहिला, आत येईना.

"लोरेन्झ क्रॉइसल. तुम्ही मला ओळखत नाही, हेर रब्बाय. मी तुमच्या आजोबांना ओळखतो. त्यांना मीच पालथं घातलंय."

सेल्मानं त्याला हाताला धरून आत घेतलं, बसवलं आणि पाण्याचा पेला समोर ठेवला. तो त्यानं एका दमात संपवला.

एक्कावन्न साली, तो सांगू लागला, नगरपरिषदेनं दोन्ही लढायांतल्या पडलेल्या सैनिकांचं नवं स्मारक बांधायला काढलं. दगड महाग होता. नगरपरिषदेच्या आवारात मात्र बेचाळीसमध्ये टेकडीवरून आणलेले दगड पडून होते, वर ताडपत्री. वरची शिला नवी, तिच्यावर एकशे सहा नावं. खालचा चौथरा या दगडांचा. "अक्षरं आत, पाठ बाहेर. मीच बसवले. अकरा मोजलेले आठवतात. ओट्टमार फाइलनर तेव्हा बांधकाम बघायचा, तो शेजारी उभा होता. ताडपत्री काढली तेव्हा म्हणाला, क्रॉइसल, तू पाथरवट आहेस, वाचनालयवाला नाहीस. म्हणून मी वाचलं नाही. पण पाच वाचले गेले. वाचायचे नाहीत म्हटलं की डोळे तिकडेच जातात." त्यानं पाच नावं सांगितली, शाळेतली हजेरी घ्यावी तशी. चौथं नाव मेंडेल रॉइटलिंगर, इझिडोरचा आजोबा.

ओट्टमार फाइलनर आता नगराध्यक्ष होता.

"मी हे कुणाला सांगू?" इझिडोरनं विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा. माझं नाव घेऊ नका. मला फक्त एकट्याला माहीत असणं नको होतं." जाताना तो जिन्यात थबकला. "लोक दर नोव्हेंबरात तिथं गुडघे टेकतात. मी नाही टेकत. बायको विचारते का, तर गुडघे दुखतात म्हणून सांगतो."

इझिडोरला तीन आठवडे धड झोप लागली नाही. स्मारक उकरा म्हणावं, तर ज्या आयांच्या पोरांची थडगीच नाहीत त्यांच्यापाशी उरलेला एकमेव दगड तो हलवायला सांगत होता. फ्लोरालाही थडगं नव्हतं. दगड नसणं म्हणजे काय हे त्याला चांगलं माहीत होतं. आणि गप्प बसावं, तर दर मंगळवारचं ते बसणं सगळं खोटं. या खोलीत खरं बोला म्हणून तो दुसऱ्यांना सांगत होता.

आधी तो फाइलनरकडे गेला, एकटा, आणि सरळ विचारलं. नगराध्यक्षानं त्याला बागेत बसवलं, बायकोला आलुबुखाराचा केक आणायला सांगितला. गोरा, गुबगुबीत, सतत रुमालानं मान पुसणारा माणूस.

"कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"नाव देणार नाही."

"द्यायची गरजही नाही. दगड बसवणारे गावात किती असणार." फाइलनरनं केकचा तुकडा त्याच्या बशीत वाढला. "हेर रब्बाय, तुमचं काम मला मनापासून आवडतं. मंगळवारची खोली आहे, तिचं छप्पर आम्हीच दुरुस्त करून दिलं. वर्तमानपत्रवाले येतात, फोटो काढतात, आमच्या गावाचं नाव होतं. पण एकशे सहा घरं आहेत त्या शिलेवर. त्यांना तुम्ही सांगणार, तुमची पोरं चोरीच्या दगडावर उभी आहेत?"

"पोरांनी चोरी केली नाही."

"नाही ना. मग त्यांना त्रास कशाला." त्यानं मान पुसली. "तुमची पत्नी रोज सकाळी एकटी दूध आणायला जाते, नदीकडच्या पायऱ्यांनी. मी पाहतो खिडकीतून. ओल आली की त्या पायऱ्या फार निसरड्या होतात. जपायला सांगा. केक घ्या ना, बायकोला वाईट वाटेल."

इझिडोरनं केक खाल्ला नाही. घरी येऊन सेल्माला सगळं सांगितलं, पायऱ्यांसकट. तिनं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पायऱ्यांनी, त्याच वेळी दुधाला गेली. फक्त भांडं डाव्या हातात घेतलं, उजव्या हातानं कठडा धरता यावा म्हणून.

क्रॉइसलचं नाव इझिडोरनं कुठेच काढलं नाही. ते क्रॉइसलनंच काढलं. सप्टेंबरात गुत्त्यात कुणीतरी रब्बायला नावं ठेवत होतं, तेव्हा हा पेला खाली ठेवून म्हणाला, "तो खरं बोलतोय. मी बसवले ते दगड." एवढंच बोलला आणि घरी गेला. त्या आठवड्यात त्याची तीन कामं रद्द झाली. मेलेल्यांच्या घरून, दगड दुसऱ्या गावाहून आणू म्हणून निरोप आले. त्याच्या आवाराच्या भिंतीवर डांबरानं एक शब्द लिहिला गेला, तो त्यानं स्वतः छिन्नीनं तासून काढला. इझिडोर भेटायला गेला तर म्हणाला, "येऊ नका इथे. लोकांना दिसतं ते." पण चेहरा मोकळा वाटत होता.

ऑक्टोबरच्या सोळा तारखेला सकाळी क्रॉइसल त्याच्याच आवारात सापडला, कप्पीनं उचललेल्या दगडाखाली. साखळी सुटली होती. पोलिसानं वहीत लिहिलं, अपघात. चाळीस वर्षं दगड उचलणाऱ्या माणसाचाही हात चुकू शकतो. चुकतोच. त्या नोंदीविरुद्ध काही सिद्ध करता येईल असं कुणापाशीच नव्हतं.

चौथ्या दिवशी त्याची बायको चामडंवाल्याच्या दुकानावरून जिना चढून आली. काळ्या कपड्यात, पाठ ताठ.

"साखळी नवी होती," ती म्हणाली. "ऑगस्टात घेतली. पोलिसाला सांगितलं. तो म्हणाला, नवीसुद्धा सुटते." मग इझिडोरकडे बघत म्हणाली, "शेवटचे चार आठवडे ते शांत झोपायचे. सात वर्षांत पहिल्यांदा. तुम्हाला शिव्या द्याव्या की आभार मानावे ते मला कळत नाही. म्हणून दोन्हींतलं काहीच करायला आले नाही. फक्त सांगायला आले."

ती गेल्यावर इझिडोर टेबलापाशी बसला. "मी त्याला मारलं," तो म्हणाला.

"तू नाही मारलंस," सेल्मा म्हणाली. "पण तू आला नसतास तर तो जिवंत असता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मी तुझी समजूत काढणार नाही." ती त्याच्या समोर बसली. "मला विचारशील तर मी म्हणेन, उद्याच्या गाडीनं जाऊ. आणि विचारणार नसशील तर मी ते बोलले नाही असं समज."

त्यानं विचारलं नाही.

नोव्हेंबरात पडलेल्या सैनिकांचा रविवार आला. त्या वर्षी पहिल्यांदाच नगरपरिषदेनं रब्बायला आमंत्रण दिलं होतं. आदरानं छापलेलं कार्ड, सोबत फाइलनरच्या हस्ताक्षरात चिठ्ठी: कॅथलिक फादर, प्रॉटेस्टंट पाद्री आणि रब्बाय एका रांगेत उभे राहतील, भाषण फक्त नगराध्यक्षांचं. न गेला तर रब्बायनं आमच्या मेलेल्यांचा अपमान केला, आणि गेला तर तोंड बंद ठेवून उभा राहिला. दोन्हीकडून फास सारखाच.

इझिडोर गेला. काळा ओव्हरकोट, काळी टोपी. दोन्ही खिसे जड. चौकात पाचशे माणसं असतील. धुकं एवढं की चर्चचा मनोरा अर्ध्यावरच संपत होता. त्याच्या मागे कोण उभं आहे ते त्याला दिसत नव्हतं, श्वास मात्र ऐकू येत होते. त्याच्या पाठीच्या अगदी जवळ कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "एक शब्द काढ, बघ." त्यानं मागे वळून पाहिलं नाही. आवाज ओळखीचा वाटला, आणि ओळख पटू नये असंच त्याला वाटलं.

फाइलनरचं भाषण झालं. पुष्पचक्रं ठेवली गेली. बँड वाजायच्या आधीच्या क्षणी इझिडोर रांगेतून पुढे निघाला, चौथऱ्यापाशी गेला, खाली वाकला आणि खिशातून एकेक नदीतला गोटा काढून चौथऱ्याच्या काठावर ठेवू लागला. ज्यू माणूस थडग्यावर फुलं ठेवत नाही, गोटा ठेवतो. एवढं मंगळवारी येणाऱ्यांना ठाऊक होतं. अकरा झाले. मग तो सरळ उभा राहिला, लोकांकडे तोंड करून.

"या शिलेखाली टेकडीवरचे अकरा दगड आहेत," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "पाच नावं मला माहीत आहेत. बेला झुल्झर. आब्राहम लेर्नर. त्याची मुलगी योहाना…"

फाइलनरनं हात वर केला आणि बँड सुरू झाला. इझिडोरचे ओठ हलताना दिसत होते. शब्द ऐकू येत नव्हते. तो थांबला नाही. मेंडेल रॉइटलिंगर हे नाव त्यानं पितळी वाद्यांच्या गदारोळात उच्चारलं, फक्त स्वतःला ऐकू येईल असं.

तेव्हा बायकांच्या बाजूनं वाल्बुर्गा श्टेग बाहेर आली. हातात लोकर नव्हती, काठी होती. ती सरळ बँडपाशी गेली आणि पहिल्या तुतारीवाल्यासमोर उभी राहिली. तो तिचा भाचा.

"ते तोंडातून काढ," ती म्हणाली. "माणूस नावं सांगतोय."

त्यानं काढलं. बाकीची वाद्यं एकेक करत मागे पडली. ढोल सगळ्यात शेवटी थांबला.

वाल्बुर्गा चौथऱ्याकडे वळली. वरच्या शिलेवर तिसऱ्या ओळीत तिची दोन्ही पोरं होती, एकाखाली एक. "हे मला एक्कावन्नपासून माहीत होतं," ती म्हणाली. "मलाच नव्हे. इथे अर्ध्या लोकांना माहीत होतं. ताडपत्री काय झाकणार." तिनं काठी दगडाला लावली. "माझ्या पोरांना कुणाच्या आजोबांच्या तोंडावर उभं करू नका. उकरा हे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी रडलं नाही. शंभरएक माणसं न बोलता निघून गेली, धुक्यात त्यांच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाकीची उभी होती, आणि ती कशासाठी उभी होती ते त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत नव्हतं. निवृत्त स्टेशनमास्तरनं टोपी काढली. नगराध्यक्षांनी मान पुसली.

त्या हिवाळ्यात रब्बायच्या खिडक्या तीनदा फुटल्या. चामडंवाल्यानं जागा सोडायला सांगितली. तोंडानं नाही, चिठ्ठीनं. पाद्र्यानं त्यांना आपल्या घराच्या माडीवर घेतलं. मंगळवारी येणारे तीस होते ते नऊ झाले. नगरपरिषदेत चार महिने वाद चालला, आणि शेवटी दोन मतांनी ठराव झाला. गावावर दया आली म्हणून नव्हे. शहरातल्या वर्तमानपत्रात वाल्बुर्गाचा फोटो आला होता, आणि तो पुन्हा येईल अशी भीती होती.

एकोणसाठच्या एप्रिलमध्ये, दोन पोलिसांच्या पहाऱ्यात, परगावचे पाथरवट आणून चौथरा उघडला. चौकातल्या सगळ्या खिडक्यांच्या झडपा बंद होत्या आणि प्रत्येक झडपेला एक फट होती. क्रॉइसलनं अकरा सांगितले होते, निघाले चौदा. जास्तीचे तीन त्यानं मोजले नव्हते, की मोजवले नव्हते, कोण सांगणार. दोन लहान मुलांचे होते. एकावर नाव एवढं झिजलं होतं की नोंदवहीतही कुणाशी जुळलं नाही. इझिडोर चौदाही दगडांबरोबर ट्रॅक्टरच्या मागे चालत टेकडीवर गेला. मेलेल्यांसाठीची प्रार्थना म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. शहरातून सहा आले होते, त्यातले दोघे काठीवर. तेव्हा त्यानं ती म्हटली नाही. नुसतं एक स्तोत्र म्हटलं, आणि दगड उतरवून घ्यायला वाल्बुर्गाचा तुतारीवाला भाचा, स्टेशनमास्तर आणि क्रॉइसलची बायको यांनी हात लावला.

वरची शिला, एकशे सहा नावांची, नव्या चौथऱ्यावर बसली. फाइलनर पुढच्या निवडणुकीत पुन्हा निवडून आला, आधीपेक्षा जास्त मतांनी. क्रॉइसलच्या साखळीबद्दल पुन्हा कुणी चौकशी केली नाही.

इझिडोर आणखी नऊ वर्षं मंगळवारी बसला. त्याला लोकांनी पुष्कळदा विचारलं, समेट झाला का. तो म्हणायचा, "नऊ माणसं येतात. कधी बारा." अडुसष्टच्या फेब्रुवारीत शहराच्या इस्पितळात फुप्फुसाच्या दुखण्यानं तो गेला. टेकडीवर पुरावं असं त्यानं लिहून ठेवलं होतं, तसं पुरलं. त्याच्या दफनाला दोनशे माणसं आली. त्यातली कितीतरी जण मंगळवारी कधीच आली नव्हती, आणि ती का आली हे सेल्माला शेवटपर्यंत उमजलं नाही.

वर्षानं त्याचा दगड बसला. तिसऱ्या आठवड्यात तो कुणीतरी पाडला. सेल्मा वर गेली तेव्हा दगड गवतात उताणा होता, फुटला नव्हता. ती पोलिसाकडे गेली नाही. दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन वर जायचं ठरवून ती परत आली, आणि दुसऱ्या दिवशी गेली तर दगड उभा होता, तळाशी ओलं सिमेंट. त्यानंतर तो आणखी दोनदा पडला आणि दोनदा उभा राहिला. पाडणारे कोण आणि उभा करणारे कोण, हे तिला कुणी सांगितलं नाही. एवढ्याशा गावात दोघंही तिला रोज दुधाच्या रांगेत भेटत असणार, आणि 'सुप्रभात, फ्राउ रॉइटलिंगर' म्हणत असणार.

ती लीड्सला परत गेली नाही. पाद्र्याच्या माडीवरच राहिली. रात्री दाराला खुर्ची लावायची, आणि मंगळवारी संध्याकाळी सहाला ती काढून शिकवणीच्या खोलीत बसायला खाली उतरायची.